ट्यूबमधला गॅस आणि बेंदराचं पुरण

आमच्या सासरी एक जीप होती आणि मला अक्कल होती, असं लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी माझं ठाम मत होतं. त्यातली जीप खरोखर होती.

सासरे फौजेत ड्रायव्हर. हवालदार म्हणून पेन्शनीत आले आणि लष्कराच्या लिलावातली एक जुनी जीप घेऊन आले. आमचं गाव लोणंदच्या अलीकडं, माझं माहेर सांगलीत विश्रामबागेत. एसटीनं जायचं तर गाड्या बदलता बदलता दिवस मोडायचा. जीपनं सकाळी निघालं की दुपारी आईच्या हातचं जेवण. म्हणून नवऱ्याच्या खालोखाल माझा जीव त्या जीपवर, आणि काही दिवशी नवऱ्याच्या वरचढ.

सत्तरनंतरच्या त्या वर्षांत पेट्रोलचा भाव असा भडकला, की सासऱ्यांनी जीपवर ताडपत्री घातली आणि लोणंदच्या एका व्यापाऱ्याला निरोप धाडला, बैलांच्या सणाला, बेंदराला जेवायला या आणि गाडी बघून जा. मी ऐकलं आणि पदर खोचला. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते, तेही पहिल्या वर्गात. पेट्रोल महाग झालं तर दुसरं काही जाळू, त्यात काय.

रात्रीच्या जेवणानंतर सोप्यावर आमची परिषद भरली. सासऱ्यांनी लढाईच्या काळातल्या कोळशाच्या मोटारी पाहिल्या होत्या. मागं उभी भट्टी, तिच्यात लोणारी कोळसा धुमसत ठेवायचा आणि त्याचा गॅस इंजिनाला द्यायचा. निघायच्या आधी तासभर भट्टी पेटवत बसायचं आणि चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायचं. दिरांनी दुसरी बातमी आणली होती. सांगलीत म्हणे कुणी गाडीच्या डिकीत स्वयंपाकाचा सिलिंडर ठेवून चालवतंय, चोरून. सासूबाई म्हणाल्या, सिलिंडरसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेत आणि हा तो फिरायला नेतोय, त्याच्या बायकोला कुणीतरी कळवा.

मग मी उठले. कोळसा विकत घ्यायचा, सिलिंडर मिळत नाही. पण परड्यात आपलाच गोबरगॅस आहे. खड्डा, त्यावर पालथी घातलेली लोखंडी टाकी, गॅस साठला की ती वर येते, वापरला की खाली बसते. चूल त्याच्यावर चालते, तर जीप का नाही? शेण आपलं, गॅस आपला. एवढं बोलून मी खाली बसले ती जवळजवळ टाळ्यांची वाट बघतच.

आणि खरं सांगते, चाललीच. दिरांनी टाकीपासून रबरी नळी आणून इंजिनाला जोडली, पेट्रोलवर सुरू करून हळूच गॅसवर घेतली, आणि जीप जागच्या जागी अशी लयीत घुमू लागली, की सासरे बॉनेटवर हात ठेवून कितीतरी वेळ उभे राहिले. मी त्या आनंदात सगळ्यांना चहा दिला. टाकी खाली बसत चालली होती, तिकडं बघायला मला वेळ नव्हता.

आता उरलं एवढंच, की टाकी उचलून रस्त्यावर नेता येत नाही. त्यालाही उपाय होता. ट्रॅक्टरच्या चाकाची मोठी ट्यूब. तिच्यात गॅस भरायचा आणि ती जीपमध्ये मागं टाकायची. माहेरी आमचा कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठातच होऊन गेला होता, सासरचा आषाढात. मी दिवस तोच निवडला. सारं गाव बैल मिरवायला वेशीत येणार आणि व्यापारीही जेवायला यायचाच होता. त्याच्यासमोरून जीप शेणाच्या गॅसवर वाठारला जाऊन यायची, मग विकायचं कोण नाव काढतंय.

सकाळी टाकीतला होता नव्हता तेवढा गॅस ट्यूबमध्ये घेतला. ट्यूब काही टणक होईना, पेंगुळल्यासारखी पडून राहिली. मी म्हटलं, वरून दाब दिला की झालं, आणि दाब म्हणून सासूबाईंना नवं लुगडं नेसवून ट्यूबवर बसवलं. त्या खूश होत्या. इतकी मऊ बैठक त्यांना जीपमध्ये कधी मिळाली नव्हती.

हलगी वाजत होती, शिंगं रंगवलेले बैल झुलीखाली उभे होते. आमची जीप दारातून निघाली, डौलात वेशीपर्यंत आली, आणि बरोब्बर वेशीच्या तोंडात दोन उचक्या देऊन थांबली. सासूबाई हळूहळू खाली खाली जात दिसेनाशा झाल्या. पुढं रस्ता अडलेला, मागं मिरवणूक. वास असा, की बैलांनीही तोंडं फिरवली.

तेवढ्यात मागून माझी जाऊ चालत आली. चालत, आणि तरी आम्हाला गाठलंच तिनं. म्हणाली, "आवं आत्याबाई, चूल इझली. पुरण आर्दं कच्चं हाय, गॅसच न्हाई."

म्हणजे साऱ्या घरादाराचं पुरण शिजलं असतं तेवढा गॅस मी दारापासून वेशीपर्यंत उडवला होता. सिलिंडरमधला गॅस दाबला की पाण्यासारखा पातळ होऊन थोडक्यात मावतो. गोबरगॅसचं तसं होत नाही, त्याला फारच जबर दाबून कोंडावं लागतं. आज नातवाच्या गाडीत सीएनजीची जाडजूड टाकी आहे ती त्यासाठीच. दाब वाढला की आकारमान घटतं, हे मी परीक्षेत आकृतीसह लिहिलं होतं. पण परीक्षेत सासूबाई नव्हत्या.

जीप ओढायला बैल जुंपा, असं मी म्हणाले मात्र, सगळी वेस माझ्याकडं बघायला लागली. वर्षातून एक दिवस त्यांच्या खांद्याला विसावा, आणि ही सांगलीची शहाणी बेंदराला बैल जुंपायला सांगतेय. शेवटी फेटे सावरत गड्यांनीच ढकलली. सासरे स्टिअरिंगवर बसून म्हणत होते, "कोळशाचीबी ढकलली, शेणाचीबी ढकलली. सिलिंडरची तेवढी ऱ्हायली."

व्यापारी हे सगळं नाकाला रुमाल लावून बघत होता. जीप दारात आली तशी त्यानं तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "हवालदार, इंजिनात शेण गेलंय. आता ही भंगारातच धरायची."

सासऱ्यांनी ऐकून घेतलं. किल्ली काढून कोपरीच्या खिशात टाकली. "जेवून जावा," ते म्हणाले, "उशीर हाय, पुरण चुलीवर हाय. पर माझ्या गाडीला भंगार म्हणनाऱ्याला मी गाडी देत न्हाई."

मी आत पळाले आणि लाकडाच्या चुलीपुढं बसून फुंकणीनं धूर खात पुरण शिजवलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते धुराचं आहे असं जावेला वाटलं.

श्रावणात मी माहेरी निघाले, जीपनंच. वेशीत आल्यावर सासऱ्यांनी गाडीचा वेग कमी केला आणि मागं न बघता म्हणाले, "सूनबाई, पेट्रोल हाय. बसा निवांत."