हितेशने चाक मऊ केलं

माझा नवरा हितेश जन्माचा स्वप्नाळू. विचुंब्याच्या घराच्या माडीवर दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसतो आणि नोकरीचं काम संपलं की तिथेच बसून फुकटचं काम करतो. जगभरातली त्याच्यासारखीच माणसं मिळून लिहिण्याचा एक साधा प्रोग्राम चालवतात. अक्षरं टाइप करायची, पुसायची, साठवायची, बस. एवढ्यासाठी इतकी डोकी कशाला खपतात, असं मी त्याला कितीदा छेडलंय. तो हसतो आणि खिडकीबाहेर बघत राहतो. बाहेर आता टॉवर आहेत. त्याला मात्र अजून भातशेतीच दिसत असावी.

माझ्या सासूबाई भामा या धवलारीण. आमच्या आगरी लग्नात धवलारणीचा मान भटजींइतकाच. ती एकेका विधीचं गाणं, म्हणजे धवला गाते आणि मागच्या बायका प्रत्येक ओळ झेलून पुन्हा म्हणतात. सासूबाईंना अख्ख्या लग्नाला पुरतील एवढे धवले पाठ होते. मग गेल्या वर्षी करंजाड्याच्या एका मांडवात मधेच ओळ हरवली. त्या नुसत्या बसून राहिल्या, बायका वाट बघत राहिल्या. डॉक्टर म्हणाले, विसरण्याचा आजार आहे. घरी आल्यावर त्यांनी एकच धरलं, "मनस्वीच्या हलदीला मी गानार नाय. पुन्ना तसं बसायचं नाय मना."

मनस्वी माझ्या दिरांची, परेशभाऊजींची मुलगी, आजीच्या हातावर वाढलेली. आजी गाणार नसेल तर हळदच लावून घेणार नाही म्हणून हटून बसली. आजीची नात शोभते खरी.

मग ज्या दिवशी आठवेल त्या दिवशी सासूबाई सांगत गेल्या आणि हितेश त्याच्या त्या प्रोग्रामात टाइप करत गेला. मोठ्ठी अक्षरं, काळ्यावर पांढरी. त्या चौथीपर्यंत शिकल्यात, वाचता येतं. समोर लॅपटॉप, मांडीवर पाट, पाटावर माऊस. चाक फिरवत गायचं, असा बेत. पण चाक जरा फिरवलं की खट्कन तीन ओळी उडत. डोळा ज्या ओळीवर होता ती त्यांना सापडेचना.

"शब्द पलतात रं," त्या म्हणाल्या आणि माऊस बाजूला सारला.

मग हितेशने प्रोग्रामच आतून उघडला. प्रोग्रामला म्हणे अर्धी ओळ म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. पडद्याच्या माथ्यावर दिसायची ती अख्खीच ओळ. अक्षरं कणाकणाने सरकायची तर सगळं मोजमाप मुळापासून बदलायला हवं होतं. प्रोग्राम चालवणाऱ्या बाकीच्या मंडळींनी विचारलंच, इतकी वर्षं यावाचून कुणाचं अडलं होतं? त्याने लिहिलं, माझ्या आईचं.

एका दुपारी चहा घेऊन वर गेले तर धवला पडद्यावर आपला वर वर चढत होता, मिठागरात भरतीचं पाणी सोडतात तसा, सावकाश. कुणी गात नव्हतं तरी गाणं चालू असल्यासारखं वाटलं. मी कप हातात धरून बघत राहिले. मलाही त्याचा रोग लागला म्हणायचा. चहा पार निवला.

सासूबाई मात्र भडकल्या. हौसेच्या भरात हितेशने मोबाइलसारखं करून ठेवलं होतं. बोट थांबलं तरी अक्षरं थोडी पुढे घरंगळत. मी आणि जाऊबाई ओळ झेलून म्हणतोय, तोवर ती ओळ वर निघून गेलेली.

"बायका म्हनतात तवर ओल थांबली पायजे ना! आगऱ्याचा हायस का कोन तू?"

हितेश खजील झाला. लहानपणापासून धवले ऐकलेला माणूस, आणि प्रत्येक ओळ दोनदा होते हेच विसरला! त्याने घरंगळणं काढून टाकलं. बोट हलेल तेवढंच हलायचं, बोट थांबलं की थांबायचं. बिनखाचांच्या चाकाचा माऊसही आणला. त्या संध्याकाळी सासूबाई ओटीवर न अडखळता गायल्या आणि स्वतःशीच हसल्या.

हळदीच्या दिवशी मांडवात अक्षरं चढत होती, आम्ही ओळी झेलत होतो. सासूबाईंचा जुना आवाज परत आला होता. मला वाटलं, आम्ही सगळ्याजणी त्या ओळींवर बसून कुठेतरी निघालोय, आणि पोचायची कुणालाच घाई नाही.

मग त्या थांबल्या.

पडद्यावर ओळीच्या मधोमध नुसती टिंबं होती. नवरीचं नाव येतं ती जागा कुणी पाठ करत नाही. नवरी दर लग्नाला वेगळी, धवलारीण समोर बघून नाव घालते. सासूबाईंनी सांगताना ती जागा सोडली होती, म्हणून हितेशनेही सोडली. ओटीवर समोर नवरी नसायची, तिथे त्या नुसती चाल गुणगुणत पुढे जायच्या, म्हणून आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नाही. त्यांनी समोर बघितलं. हळदीने माखलेल्या मुलीकडे बघतच राहिल्या. बोट थांबलं, ओळही थांबली. हितेशचा चेहरा मला बघवेना.

मनस्वी पुढे वाकली आणि धवल्याच्याच चालीत हळूच गायली, "मनस्वी."

सासूबाईंनी नाव उचललं, ओळीत बसवलं. आम्ही झेललं. पुढच्या टिंबांशी त्या पुन्हा थांबल्या, तिने पुन्हा सांगितलं. असं शेवटपर्यंत चाललं. मला रडू आवरत नव्हतं, तरी मी गात होते. धवला पुरा झाला.

सासूबाईंनी माऊस खाली ठेवला, तिच्या पिवळ्या गालावरून हात फिरवला.

"गोड नाव हाय गो तुजं," त्या म्हणाल्या. "माज्या नातीचं पन हेच हाय."