शिरीषच्या रायफलचं बफर

नेदरलँड्समधल्या एनस्खेडेच्या शूटिंग क्लबात आज बंदुकीच्या तेलाचा वास आला आणि इतक्या वर्षांनी शिरीष आठवला. किमो चालू असतानाही माझा हा मित्र आखूड नळीची रायफल घेऊन यायचा. तिचा धक्का जोरात बसे, म्हणून एका दुपारी आम्ही दस्त्यातलं बफर, म्हणजे धक्का शोषणारा वजनाचा तुकडा, बदलून वेगवेगळी वजनं पाहत होतो.

"अजून जड घालू?" मी विचारलं.

"नको, मग पुढची गोळी नीट चढत नाही. मधलं घाल."

त्याने एकच गोळी झाडली आणि रायफल माझ्याकडे दिली. "तुझ्या खांद्याला लागतंय का बघ."

"नाही लागत."

"मग झालं."

त्या हिवाळ्यातच तो गेला. एकच गोळी झाडून त्याने रायफल दिली तेव्हा वाटलं होतं, दमला असेल. आपल्यामागे ती रायफल मी चालवणार, म्हणून तो ते वजन माझ्यासाठी निवडत होता, हे आता कळतं.