कच्चा धावदोरा

"दुश्मन गया आपका, भैया. अब चैन से रहना," रायपूरच्या पंडरी बाजारातल्या आमच्या कापड दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्या गुप्तानं मोबाइलमधून मान वर काढून मला बातमी दिली. ब्राह्मणपाऱ्यातला तुफान गेला. गुप्ता चेष्टेनं म्हणाला, मनात वाईट काही नव्हतं. मी एका बाईंना पडद्याचं कापड उलगडून दाखवत होतो. "हो का," एवढंच म्हणालो आणि त्या कापडाची घडी घालायला लागलो. काही केल्या घडी जुळेना... रायपूरनं इतकी वर्षं ज्याला माझा वैरी मानलं, तो माझा सगळ्यात जवळचा मित्र होता. हे सगळं मी आज पहिल्यांदाच कुणाला सविस्तर सांगतो आहे.

त्यांचं नाव दिगंबर, मी दिगूभाऊ म्हणायचो. दारातून वाकून आत यावं लागे असा धिप्पाड माणूस, आणि धंदा लेडीज टेलरचा! आठवडाभर ब्लाउज शिवायचे आणि रविवारी फ्रीस्टाइल कुश्तीच्या शोमध्ये 'तुफान' होऊन दात-ओठ खायचे. या कुश्त्यांमध्ये कोण जिंकणार ते आधीच तंबूत ठरलेलं असतं. पडणं मात्र खरं असतं आणि लागतंही खरंच. मी रेल्वेतल्या माणसाचा मुलगा, अंगानं काडी. पोस्टरवर माझं नावसुद्धा नसे. पहिल्या पाच मिनिटांत मार खाऊन खाली उतरायचं, एवढंच माझं काम होतं.

आमची पहिलीच कुश्ती होती, त्या रविवारी मला उचलताना दिगूभाऊंच्या मुठीत माझी बनियान आली आणि गळ्यापासून बेंबीपर्यंत टर्रकन फाटली. माझ्या बरगड्या उघड्या पडल्या आणि सगळं मैदान खो खो हसलं. पुढच्याच रांगेत माझी आई बसली होती, पोराची कुश्ती पहिल्यांदा बघायला आलेली. माझे डोळे भरून आले. ते फक्त दिगूभाऊंनी पाहिलं. त्यांनी पकड सैल केली, माझ्याच हातानं उलटल्यासारखे पाठीवर आदळले आणि दातांआडून म्हणाले, "चढ छातीवर. तीन मोजेपर्यंत हालू नको, पोट्ट्या." पंचानं तीन मोजले. मग मैदानात जो गलका झाला, तो अजून माझ्या कानात आहे. आई खुर्चीवर उभी राहून टाळ्या वाजवत होती.

तंबूत शोच्या मॅनेजरनं डोक्याला हात लावला. "चैंपियन को इस सींक ने हरा दिया! अब तुफान को देखने कौन आएगा?" दिगूभाऊ सावकाश पाणी प्यायले. "आता तर येतीनच," ते म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "हे पाहा, तू जिंकला हे लोकं मंगळवारपर्यंत विसरतीन. मी हरलो हे मी विसरून नाही राहिलो, हे त्याईले दाखवा लागते. तवा तुही जीत टिकते." आमचं वैर असं उभं राहिलं. पुन्हा कुश्ती त्यांनी लगेच होऊच दिली नाही. "भूक लागू दे," म्हणायचे. दोन महिने नुसतं धुमसत ठेवलं. एकदा भर दुपारी आमच्या दुकानात शिरले, "काहून बे, धोक्यानं जिंकतो काय?" म्हणून गरजले आणि कापडाचा अख्खा तागा त्यांनी रस्त्यावर भिरकावला. ही गर्दी जमली! तासाभरानं मागच्या दारानं आले आणि तोच तागा झटकून घडी घालत बसले. कापड धुळीत पडलेलं त्यांना बघवत नसे.

आम्ही एकत्र दिसायचं नाही, हा त्यांनी घातलेला नियम. चहाच्या टपरीवर नाही, देवळात नाही, लग्नकार्यात नाही. चौबे कॉलनीत माझं लग्न झालं, तेव्हा अंगातला कोट त्यांनीच शिवलेला होता. स्वतः मात्र स्कूटरवरून मांडवासमोरून दोनदा गेले, मान न वळवता. त्यांच्या दुकानात मी मागच्या गल्लीनं जायचो, आईचे ब्लाउज टाकायचं निमित्त करून. आई एका दमात तुफानला मुडदा म्हणायची आणि दुसऱ्या दमात, "असा टेलर साऱ्या रायपुरात नाही," म्हणून ब्लाउजची बाही कुरवाळायची. हे मी सांगितलं की दिगूभाऊ तोंडावर टेप धरून लहान मुलासारखे हसायचे.

त्या पहिल्याच कुश्तीत फाटलेल्या बनियनीनं माझ्या मानेवर वळ उठला होता. तो पाहून त्यांनी मला एक पिवळी बंडी शिवून दिली. उजव्या खांद्यावर टीप मारली नाही, हातानं कच्चा धावदोरा घातला. दर कुश्तीत ते चवताळून ती बंडी फाडत आणि मैदान पेटून उठे. लोकांना वाटे, केवढी ही ताकद. दोरा मात्र नुसत्या झटक्यानं सुटायचा आणि माझ्या मानेला काही होत नसे. सोमवारी मी बंडी नेऊन द्यायचो, पुढच्या कुश्तीआधी ती पुन्हा कच्च्या दोऱ्यानं शिवलेली मिळायची. मला फाडण्याआधी मला लागणार नाही याची सोय करणारा असा वैरी कुणाला मिळतो?

पुढे शो बंद पडले, त्यांचे गुडघेही गेले. शेवटच्या कुश्तीत फाटलेली बंडी त्यांच्याकडेच राहिली. मी म्हटलं, "दिगूभाऊ, आता तरी सांगू ना लोकांना." ते म्हणाले, "नको. तुही माय खुर्चीवर उभी राहिली होती, ते खोटं पाडतो काय? मी हाव तवरक राहू दे." आई गेली, तीही मुलगा खरोखर जिंकला असं मानून. गेल्या काही महिन्यांत दिगूभाऊ आजारी होते, तरी मी मागच्याच दारानं जात होतो. शेवटचं भेटलो तेव्हा मशीनवर पिवळं काहीतरी होतं. मला पाहताच त्यांनी त्यावर वर्तमानपत्र टाकलं.

अंत्ययात्रेला मी रस्त्यापलीकडे पानठेल्याशी उभा राहिलो. "देखो, ये भी आया है," कुणीतरी कुजबुजलं. दोन पावलं पुढे टाकून खांदा द्यायचा होता. मला ते जमलं नाही. आता आपण त्या नियमातून मोकळे झालो की नाही, हेच मला कळत नव्हतं. त्याची लाज अजून वाटते.

तीन आठवड्यांनी त्यांची मुलगी शिल्पा दुकानात आली. पुढच्या दारानं, गिऱ्हाइकांच्या गर्दीत. तिला मराठी कळतं, पण बोलते हिंदीत. "काका, पापा ने कहा था, ये आपको दुकान में ही देना. सबके सामने." वर्तमानपत्रात गुंडाळलेली पिवळी बंडी होती. उजव्या खांद्यावर यावेळी धावदोरा नव्हता, मशीनची टीप होती, एकीवर एक अशी दुहेरी.

गुप्ता गल्ल्यावरून उठून आला. "किसने सिया है, भैया?"

"माझ्या मित्रानं," मी मोठ्यानं सांगितलं. "तुफाननं."

मी खांद्याची शिवण दोन्ही मुठींत धरली आणि ते ओढायचे तशी जीव खाऊन ओढली. ती सुटली नाही.