सुरणाची अडतीस लेबलं

मी निवृत्त झालो त्या वर्षी आमच्या घरात दोन गोष्टी कायमच्या मुक्कामाला आल्या. एक प्रिंटर आणि दुसरा मी. दोघांपैकी कोण जास्त अडचण करतं, याबद्दल घरात अजून एकमत नाही.

रामनगरपासून थोडं आत, जंगलाला लागून आमचं गाव. हायस्कुलात विज्ञान शिकवण्यात माझी उमर गेली, त्यामुळे गावात कुणाचाही टीव्ही, मिक्सर, पंप बिघडला की बोलावणं मला. (मी गेल्यावर वस्तू दुरुस्त व्हायची नाही, पण ती का बिघडली हे घरातल्या सगळ्यांना शास्त्रशुद्ध कळायचं.)

त्या हिवाळ्यात तालुक्याच्या गावी, जोयड्याला, कंदांचं प्रदर्शन होतं. माझी बायको सुमन आणि शेजारच्या शेवंताक्का यांच्या महिला गटाला तिथं एक टेबल मिळालं होतं. आदल्या वर्षीही मिळालं होतं, पण कंदांवर नावं नव्हती. शहरातून आलेले लोक करांद्याला बटाटा म्हणाले, कणगाला मूळ म्हणाले आणि पुढच्या टेबलावर गेले. शेवंताक्कांच्या ते फार जिव्हारी लागलं होतं. जन्मभर जंगलाच्या कडेला कंद लावणारी बाई ती. करांद्याला बटाटा म्हणणं म्हणजे तिच्या लेखी सुनेला पाहुणी म्हणण्यासारखं!

"मास्तर, औंदा नावं पायजेत," त्या म्हणाल्या. "मोठ्या अक्षरात. आंधळ्याला बी दिसली पायजेत."

"काळजी करू नका अक्का," मी म्हणालो. "घरात प्रिंटर आहे."

हे वाक्य मी केवढ्या रुबाबात बोललो होतो!

नऊ जातींचे कंद होते. प्रत्येक जातीची चिकट कागदावर लेबलं आणि शिवाय पाककृतींचं एक पान, एवढंच काम. मी ते आठ दिवस केलं. म्हणजे लेबलाभोवती बारीक फुलांची महिरप काढण्यात सात दिवस गेले आणि आठव्या दिवशी पहिलं पान छापायला घेतलं. त्याच दिवशी प्रिंटरनं पहिल्यांदा अंग टाकलं. लॅपटॉप म्हणाला, प्रिंटर सापडत नाही. प्रिंटर माझ्यासमोर दोन हातांवर बसून डोळे मिचकावत होता!

मी कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. आमच्या घरात फोनवर बोलणं धड होत नाही, निम्मे शब्द गळून पडतात. त्यासाठी घरामागच्या चढावर, शाळेच्या कुंपणापाशी जावं लागतं. तिथं उभा राहून मी वीस मिनिटं संगीत ऐकलं. मग एक मुलगी हिंदीत म्हणाली, "सर, प्रिंटर बंद करके चालू कीजिए।"

मी चढावरून खाली ओरडलो, "सुमन! बंद करून चालू कर!"

"केलं!" खालून आवाज आला. "न्हाई म्हणतंय!"

"लॅपटॉपवर नेट आहे का बघ!"

"नेट हाय, पर प्रिंटर न्हाई!"

मुलीनं तक्रार नोंदवून घेतली. मी घरी आलो, लॅपटॉप बंद करून चालू केला आणि बघतो तर काय, प्रिंटर सापडला होता! चाचणीचं एक पान छापून त्यानं वर हसतमुखानं हिरवा दिवा लावला.

हे पुढे चार वेळा झालं. मी चढावर गेलो की प्रिंटर गायब, मी परतून लॅपटॉप चालू केला की हजर. प्रत्येक वेळी मी खात्री करायला चाचणीचं पान छापत होतो आणि शाई संपत चालली होती.

"तुमाला भितोय त्यो," सुमन म्हणाली. "वर्गात पोरं भ्यायची तसा."

मी विज्ञानाचा शिक्षक. भीती वगैरे मला मान्य नव्हती. मी निदान केलं की मधलं पत्र्याचं कपाट लहरी अडवतंय. कपाट हलवलं. मग ठरवलं की खिडकीची जाळी कारणीभूत आहे. प्रिंटर भाताच्या कणगीवर ठेवला. तिथून तो देव्हाऱ्याशेजारी गेला. (सुमननं त्याला हळदकुंकू वाहिलं. मी हसलो. त्या दिवशी तो तब्बल दोन तास चालला, कारण ते दोन तास मी महिरपीचे नमुने छापत घरातच होतो. पण हे तेव्हा कुणाला माहीत?)

प्रदर्शनाचा दिवस उजाडला तेव्हा आमच्याकडे नेटकं छापलेलं एकही लेबल नव्हतं. महिरप मात्र उत्तम होती.

सकाळी सातला मी शेवटचा उपाय म्हणून पुन्हा चढावर गेलो. या वेळी मदत केंद्रात एक पुरुष होता. तो म्हणाला, आदेश देत राहा, जोडणी येईल. मी खाली ओरडलो, "सुमन, छापायचं बटण दाब!"

"कुठलं लेबल?"

"कुठलंही!"

तिनं सुरणाचं उघडलं. "दाबलं! न्हाई येत!"

"परत दाब!"

"दाबलं!"

"दाबत राहा!"

सुमनचा एक गुण आहे. सांगितलेलं काम ती मनापासून करते. खालून "दाबलं! दाबलं!" असा आवाज येत राहिला, तोवर जीपचा हॉर्न वाजला. जीपमध्ये पाट्या भरून कंद, सहा बायका आणि पुढे शेवंताक्का.

"मास्तर, नावं कुटं हायत?"

मी चढावरून तसाच रस्त्यावर उतरलो आणि म्हणालो, "अक्का, छापखानाच बरोबर घेऊ." सुमननं प्रिंटर साडीच्या चुंबळीवर मांडीत घेतला, मी लॅपटॉप घेतला. जोयड्यापर्यंत सगळी वळणं मी "तिथं तरी काय वेगळं होणार" या विचारात काढली. शेवंताक्का सबंध वाटेत मांडीवरच्या करांद्याची माती पुसत होत्या.

मांडवात पोचल्यावर मी प्रिंटरची विजेची वायर लावली, लॅपटॉप चालू केला. आणि प्रिंटर खडबडून जागा झाला. घर्रर्र! सुरण. घर्रर्र! सुरण. घर्रर्र! सुरण. सकाळपासूनचे सगळे आदेश लॅपटॉपनं मनात धरून ठेवले होते. मी थांबवायचं बटण शोधेपर्यंत सुरणाची अडतीस लेबलं बाहेर आली आणि काळी शाई संपली.

आठ जाती शिल्लक. उद्घाटनाला पाऊण तास. मी शेवंताक्कांच्या तोंडाकडे बघायचं टाळलं.

"पर मास्तर," शेवंताक्कांची सून रेणुका लॅपटॉपमध्ये डोकावत म्हणाली, "हितं वायफाय कुटंय? ह्यो प्रिंटर कशाला जोडलाय?"

मी चष्मा लावला. नेटवर्कचं नाव होतं 'घर'.

"घर?" रेणुका म्हणाली. "घर तर तिकडं ऱ्हायलं! बघू तुमचा मोबाईल." तिनं माझ्या खिशातून फोन काढला, दोनदा बोट फिरवलं आणि तोंडाला पदर लावला. "अवो मास्तर, ह्यो तुमच्या मोबाईलचा हॉटस्पॉट हाय! प्रिंटर तुमच्या खिशाला बांधलाय. तुमी चढावर गेलासा की त्यो बी तुमच्यासंगट जाणार, न्हाई तर काय!"

तेव्हा मला आठवलं. प्रिंटर आला त्या दिवशी घरच्या फायबरच्या तारेवर फांदी पडली होती. मी मोठ्या हुशारीनं मोबाईलचा हॉटस्पॉट चालू करून, त्याला 'घर' हे नाव देऊन प्रिंटर जोडला होता. तार दुसऱ्या दिवशी नीट झाली. मी मात्र तसाच राहिलो. मी बाहेर गेलो की लॅपटॉप निमूट फायबरवर जायचा आणि बंद करून चालू केल्याशिवाय तिथून हलायचा नाही, म्हणून नेट असायचं. आणि बिचारा प्रिंटर चढाकडे तोंड करून माझी वाट बघायचा.

सहा बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. शेवंताक्का हसल्या नाहीत. त्यांनी फक्त पेन मागितलं.

मग आम्ही सुरणाच्या एकेका लेबलावर काट मारून वर हातानं लिहिलं. 'सुरण' खोडून 'करांदा'. 'सुरण' खोडून 'कणग'. एक गृहस्थ बराच वेळ वाचत उभे राहिले आणि म्हणाले, "ह्यो आदी सुरण हुता काय?" त्यावर शेवंताक्कांनी त्यांना करांद्याची सगळी कुळकथा सांगितली. ते हलेनात. त्यांच्यामागे माणसं साचली. खोडलेलं नाव बघायला जो तो थांबायचा आणि थांबला की अक्कांच्या तावडीत सापडायचा. दुपारपर्यंत कुणीही करांद्याला बटाटा म्हणालं नाही. अक्कांनी माझ्या हातावर उकडलेला कणग ठेवला, आणि या वेळी तोंडावर हसू होतं.

पाककृती निळ्या शाईत छापायची युक्ती रेणुकानं काढली. पण सुमननं मला प्रिंटरला खेटून खुर्चीवर बसवलं आणि बजावलं, "हितनं हलायचं न्हाई. च्या पायजे तर हितं आणून देते." सुरणाची उरलेली लेबलं सोलून, चिकट बाजू वर करून त्याच खुर्चीच्या पाठीवर ठेवली होती, हे मला कुणी सांगितलं नाही.

संध्याकाळी बेळगावच्या एक बाई आल्या. टेबलावरचा प्रत्येक कंद त्यांनी निरखून पाहिला. मग टेबलाला वळसा घालून माझ्या मागे आल्या, प्रिंटरवर वाकलेली माझी पाठ वाचली आणि सुमनला विचारलं, "हा सुरण कुठल्या जातीचा?"

सुमननं मान वर केली नाही. "घरचाच हाय. लई खाजरा. चिंचंत शिजवला तरी खवखवतो."

"मग विकता कसा?"

"इकत न्हाई बाई, नुस्ता दाखवायला आणलाय."

उठून भांडलो असतो, पण मी हललो असतो तर प्रिंटर गेला असता.