सगळ्यात चांगली रेकॉर्ड माझ्या डोक्यावर फुटली

वसतिगृहातल्या मित्रांनो, या लग्नसराईत आलेल्या लोकगीतांच्या नव्या रेकॉर्डींपैकी मला आवडलेल्या तीन या भित्तिपत्रकावर लिहीन, असं म्हणालो होतो. त्यातली सगळ्यात चांगली आज सकाळी माझ्या डोक्यावर फुटली.

अंजनगावहून परतताना मूर्तिजापूरला गाडी बदलायची होती. स्टेशनासमोरच्या हॉटेलात रेकॉर्ड वाजवायचा फोनो दिसला, म्हणून मालकाला माझ्याजवळची ती रेकॉर्ड लावायला दिली. ढोलकी सुरू झाली आणि लग्नाला निघालेली पोरं बाकावरून उठून नाचायला लागली.

"अजून एकडाव लाव गा," त्यांच्यातला एक धिप्पाड गडी ओरडला. मालकानं पुन्हा लावली. गड्यानं नाचता नाचता माझ्या गळ्यात हात टाकला.

"काय गळा हाय बे. गानारा कोन हाय?"

"माहा मामा हाय," मी अभिमानानं म्हणालो. "अंजनगावच्या बौद्धवाड्यातला."

गळ्यातला हात तिथंच आवळला.

"मंग आधी काहून नाही सांगतलं?"

त्यानं रेकॉर्ड ओढून माझ्या डोक्यात हाणली. मी पडल्यावर बाकीच्यांनी लाथा घातल्या. मालकानं मी चहा प्यालेला कप माझ्या अंगावर फोडला. तोंडात रक्त आलं तरी कुणी थांबलं नाही.

डोक्याला टाके पडलेत. उरलेल्या दोन रेकॉर्डींपैकी एक जात्यावरच्या गाण्यांची, दुसरी दंडारीच्या खेळातल्या गाण्यांची. दोन्ही चांगल्या आहेत, जरूर ऐका.

तो गडी घरी जाऊन आंघोळ करेल, माझ्या गळ्यात टाकलेला हात घासून धुवेल. पण पायात शिरलेला तो ठेका कसा धुणार, तेवढं मला कुणी सांगा.