मी कव्हय हारनू?

निंबा देवरे हरल्यावर खुर्चीतून उठायचा नाही. बाकीचे हरले की माउस आपटायचे, नाहीतर "तुमचे कॉम्प्युटरच स्लो आहेत" म्हणून आमच्यावर खापर फोडून चहाला निघून जायचे. हा मात्र पडद्यावर स्वतःचा एकही तारा उरलेला नसताना, दोन्ही हात मांड्यांवर ठेवून बसून राहायचा. मग सावकाश माझ्याकडे वळून विचारायचा, "ताई, मी कव्हय हारनू?"

म्हणजे, मी हरलो कधी? एरवी निंबाची मराठी आमच्यासारखीच होती, नाशकात बरीच वर्षं काढलेली. पण हरला की सटाण्याकडची अहिराणी वर यायची. हा प्रश्न पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, ह्याला पडदा नीट दिसला नसेल. मी म्हटलं, "आत्ताच की. सलीमने तुमचा शेवटचा तारा घेतला." तर म्हणाला, "ते दिसलं मला. पण त्याच्या बऱ्याच आधी मी हरलेलो होतो ना? ते कधी?" मला उत्तर देता येईना, आणि उत्तर देता आलं नाही की मला राग येतो. मी त्याला चहा प्यायला पाठवून दिलं.

दोन हजार साल उलटून थोडी वर्षं झाली होती. कॉलेजातला माझा मित्र सलीम आणि मी, दोघं मिळून नाशिकरोडला कॉम्प्युटर क्लास चालवायचो. आठवडाभर टायपिंग आणि टॅली शिकवायचं, आणि रविवारी दुपारी शटर अर्धं खाली ओढून आमचं खरं वेड करायचं. आम्ही एक खेळ लिहिला होता, नाव 'आकाशपट'. प्रत्येकाला एक तारा मिळायचा, ताऱ्यावर खाणी असायच्या, खाणीतल्या मालातून जहाजं बांधायची आणि फेरी-फेरीने शेजाऱ्याचे तारे घ्यायचे. तीन पक्ष होते: खाणवाले, व्यापारी आणि लढवय्ये. कॉम्प्युटर एकमेकांना वायरींनी जोडले की पाचजण एकदम खेळू शकत. पुण्याच्या एका कंपनीला तो दाखवायचा आमचा बेत होता, पण आधी बीटा, म्हणजे लोकांना खेळायला बसवून चुका शोधणं. सलीम सगळ्यांना सांगायचा, "पाहुणे यायच्या आधी घरच्यांनी चाखून बघायचं, मीठ कमी-जास्त असेल तर सांगायचं. पण सांगायचं हां, नुसतं खाऊन उठायचं नाही."

निंबा त्या घरच्यांमध्ये आला तो सर्टिफिकेटच्या निमित्ताने. अंबडला एका कारखान्यात तो मेंटेनन्सला होता, जळालेल्या मोटरी पुन्हा भरायचं काम. होता म्हणजे टेम्पररी. काही महिने काम, मग ब्रेक, मग पुन्हा नव्याने बोलावणं, असं वर्षानुवर्षं चाललेलं. कॉम्प्युटर येत असेल तर परमनंट करताना विचार होईल, असं त्याला साहेबांनी सांगितलं होतं. म्हणून हा उंच, किडकिडीत माणूस कंपनीचा करडा शर्ट कडक इस्त्री करून आमच्याकडे यायचा आणि एका बोटाने टाइप करायचा. बायको आणि दोन पोरी सटाण्याला होत्या. परमनंट झालो की खोली घेऊन त्यांना इकडे आणायचं, हे त्याचं ठरलेलं. साहेबांवर त्याचा पूर्ण विश्वास होता. "शब्दाचा माणूस आहे, ताई. पुढच्या वेळी नक्की म्हणालेत." हे 'पुढच्या वेळी' मी इतक्यांदा ऐकलं की मला त्या न पाहिलेल्या साहेबाचा वीट आला होता.

खेळात निंबा कायम खाणवाल्यांचा पक्ष घ्यायचा. तो सगळ्यांत कच्चा पक्ष होता, आम्हालाही कळत होतं. व्यापाऱ्यांचं जहाज फटकन तयार व्हायचं, लढवय्यांचं मजबूत असायचं, आणि खाणवाल्यांचं काहीच लवकर व्हायचं नाही. दर रविवारी त्यावरून वाद. व्यापारी घेऊन हमखास जिंकणारा एक कॉलेजकुमार म्हणायचा, "तोल बरोबर आहे मॅडम, ह्यांना खेळता येत नाही." मी म्हणायचे, "तू एकदा खाणवाले घेऊन दाखव." तो घ्यायचा नाही. निंबा ह्या वादात पडायचा नाही. "पक्ष बदला की, निंबाभाऊ," म्हटलं तर म्हणायचा, "बसलोय ह्या जागेवर, बघू पुढच्या फेरीला."

सलीमने त्याचं नाव ठेवलं कच्चा लिंबू. निंबा, लिंबू, जुळतच होतं. लहानपणी आपल्या प्रत्येक खेळात एक कच्चा लिंबू असायचाच, तो धावायचा, ओरडायचा, पण त्याच्यावर राज्य यायचं नाही. निंबा ह्या नावावर हसायचा. मग एका रविवारी सलीमने कुणालाही न सांगता निंबाच्या खाणींमधून दुप्पट माल निघेल असं करून ठेवलं. चांगल्या मनाने केलं, बिचारा एकदा तरी जिंकू दे म्हणून. चार-पाच फेऱ्या झाल्या आणि निंबा पडद्याकडे बघत म्हणाला, "हाई काय शे? माझ्या खाणीतून एवढं कसं निघतंय?" सलीमला खोटं बोलता येत नाही, तो हसायला लागला. त्या दिवशी निंबा पहिल्यांदा खुर्चीतून उठला, डाव अर्ध्यावर असताना.

"माले सूट नको," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "कंपनीत हेच करतात, सलीमभाई. दिवाळीला मिठाईचा बॉक्स मलापण देतात, परमनंटवाल्यांच्या शेजारी उभं करून फोटो काढतात. सगळं देतात. फक्त मोजत नाहीत." सलीमचा चेहरा उतरला. "यार निंबू, मेरा वैसा मतलब नव्हता," एवढंच तो कसंबसं बोलला. मला दोघांचंही वाईट वाटलं. मग मी जरा तडकूनच विचारलं, "मग तुम्हाला पाहिजे काय, निंबाभाऊ? पक्ष बदलायचा नाही, सूट नको, आणि हरलो कधी ते सांगा." तो पुन्हा खुर्चीत बसला. म्हणाला, "हरल्यावर तासभर खेळायला लावता तुम्ही माणसाला. त्याला निघून जायला वाट ठेवा. आहे ते उचलून कुठंतरी लांब जाईल, पुन्हा मांडेल."

त्यावर आठवडाभर सलीम आणि माझं भांडण चाललं. सलीमने जुने डाव फेरी-फेरीने चालवून पाहिले तेव्हा दिसलं की मधला मोठा तारा ज्याला सुरुवातीला मिळतो तोच शेवटी जिंकतो, आणि बाकीचे उगाच राबतात. म्हणजे निंबाचा प्रश्न खुळचट नव्हता. पण हरणारा पळाला तर जिंकणाऱ्याने काय त्याच्यामागे आकाशभर फिरायचं? शेवटी आम्ही एक बटण केलं. सलीमने त्याला नाव दिलं 'गाशा'. ते दाबलं की आपली जहाजं उचलून पटावरच्या कुठल्याही रिकाम्या ताऱ्यावर जाता यायचं. पहिल्याच रविवारी सगळ्यांनी पहिल्याच फेरीला गाशा गुंडाळला आणि चांगले-चांगले कोपरे धरले. मधे कुणीच उरलं नाही, लढाई होईना, खेळाचा पार विचका झाला. मग नियम घातला, गाशा एकदाच गुंडाळता येईल आणि खाणी सगळ्या मागे सोडाव्या लागतील. ह्या नियमाने ते बटण जाग्यावर आलं. लोक विचार करून दाबायला लागले, आणि कधी कधी कोपऱ्यातून परत येऊन जिंकायलाही लागले.

एकटा निंबा ते दाबायचा नाही. ज्याच्यासाठी केलं तोच. त्याचे तारे एकेक करून जायचे, बटण समोर पिवळं दिसत असायचं, आणि हा हात मांडीवर ठेवून बसलेला. "दाबा ना आता," मी मागे उभी राहून म्हणायचे. "बघू ताई, पुढच्या फेरीला." "पुढच्या फेरीला काय उरणार आहे तुमच्याकडे?" तर म्हणायचा, "इतक्या फेऱ्या घालून खाणी खोदल्यात. टाकून कसं जायचं?" आणि शेवटी, अर्थातच, मी कव्हय हारनू. मला त्याचा भयंकर राग यायचा. माणूस इतका गोड नसता तर मी त्याला क्लासमधून हाकलला असता.

दरम्यान त्याला सर्टिफिकेट मिळालं. ते त्याने साहेबांना नेऊन दाखवलं. साहेबांनी शाबासकी दिली आणि पुढच्या वेळी नक्की म्हणाले. मग ब्रेक लागला. ब्रेकमध्ये तो गावी गेला तेव्हा बायकोने त्याला सांगितलं, इथे विहिरीवरच्या मोटरी जळतात तर लोकांना मालेगावपर्यंत जावं लागतं, तुम्ही इथंच का नाही बसत? हे त्याने मला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "बरोबर बोलतात वहिनी." तो म्हणाला, "बरोबर आहे. पण एवढी वर्षं घातलीत, ताई. आता सोडलं आणि पुढच्या वेळी माझं नाव असलं तर?" कंपनीने पुन्हा बोलावलं आणि तो पुन्हा गेला.

त्यानंतर काही महिन्यांनी एका रविवारी तो साध्या चौकड्याच्या शर्टात आला. मला तो वेगळाच माणूस वाटला, पण विचारलं नाही. नेहमीप्रमाणे खाणवाले घेतले. डाव सुरू झाला, मधला तारा सलीमने घेतला, पण निंबाचं बरं चाललं होतं. एकही तारा गेलेला नव्हता, खाणी भरात होत्या. आणि त्याने गाशाचं बटण दाबलं. त्याची जहाजं सगळ्यांत लांबच्या कोपऱ्यात जाऊन उतरली.

सलीम ओरडला, "निंबू, चुकून दाबलंस का? थांब, मागे घेतो."

"चुकून नाही," निंबा म्हणाला. तो खेळतच होता, कोपऱ्यात पहिली खाण खोदत होता. "काल साहेबांना सांगून आलो. राजीनामा कसा लिहायचा विचारलं, तर म्हणाले, टेम्पररीला राजीनामा नसतो, नुसतं यायचं बंद करायचं." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, कळलं मला कधी हरलो ते. पहिला ब्रेक संपला आणि त्यांनी बोलावल्यावर मी धावत परत गेलो ना, तेव्हा. त्याच्यापुढे नुसत्या फेऱ्याच घातल्या."

मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी चहा करायला आत गेले. बाहेर आले तोवर त्या कोपऱ्यात निंबाच्या तीन खाणी झाल्या होत्या आणि तो शेजारचा तारा घ्यायच्या तयारीत होता. मी त्याला इतकं मन लावून खेळताना कधी पाहिलं नव्हतं. सलीमची जहाजं त्याच्यावर निघाली, निंबा पुढे वाकला, आणि वीज गेली. तेव्हा नाशकात लोडशेडिंग होतं, खिडकीतून एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांचा धूर दिसायचा आणि आमचा पंखा बंद असायचा. पण रविवारची दुपार आमची असायची, त्या दिवशी ती पण गेली. डाव संपला की जपला जायचा, पण चालू डाव आपोआप जपून ठेवायची सोय सलीम कधीपासून 'उद्या करतो' म्हणत होता, ती झालेली नव्हती. वीज आली तेव्हा पाचही पडद्यांवर काही नव्हतं. निंबा उठला, सलीमला मिठी मारली, मला नमस्कार केला आणि सटाण्याची गाडी पकडायला गेला.

'आकाशपट' आम्ही पुण्याला दाखवला. तिथल्या माणसाने नम्रपणे विचारलं, हे कोण खेळणार? पुढे क्लासही बंद पडला आणि सलीम दुबईला गेला. बऱ्याच वर्षांनी एका लग्नासाठी मी सटाण्याला गेले, तेव्हा शोधत शोधत निंबाचं दुकान गाठलं. बाहेर जळक्या मोटरी रचून ठेवलेल्या, आत तो तांब्याची तार गुंडाळत बसलेला, केस पांढरे. वहिनींनी चहा आणला. थोरली पोरगी बी.एड. करतेय, धाकटी दुकानात हात लावते, असं सगळं सांगून झालं. तार गुंडाळता गुंडाळता त्याने विचारलं, "ताई, तो शेवटचा डाव कोण जिंकलं?"

"कुणीच नाही," मी म्हटलं. "वीज गेली होती ना. डाव कुठे पुरा झाला?"

त्याचा हात थांबला. गालातल्या गालात हसला आणि म्हणाला, "मंग मी हारनू नही."