व्हिसावर सुतार

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. दुबईत एसीच्या जाळीवर वाळू साठते तसे ते आपोआप साठत जातात, आणि एखाद्या दिवशी झटकायला घेतले की पुरेवाट होते! आमच्या शुक्रवारच्या शास्त्राभ्यासाचं तसंच झालं.

जबल अलीच्या चर्च कंपाउंडमध्ये आम्हा मराठी ख्रिस्ती मंडळींना दर शुक्रवारी एक खोली मिळायची, अकरा ते साडेबारा. आमच्या आधी तमिळ मंडळी, आमच्यानंतर फिलिपिनो गायकांचा कॉयर. साडेबाराला एक मिनिट असतानाच कॉयरवाले दार वाजवायचे. त्यामुळे आमच्या कित्येक प्रश्नांची उत्तरं आता स्वर्गात गेल्यावरच मिळणार आहेत.

अभ्यास घ्यायचे रत्नाकरकाका. मूळचे नगरचे, इथे एका गोदामात स्टोअरकीपर. स्टॉकमधला एक स्क्रू इकडचा तिकडे होऊ न देणारा माणूस, सिद्धांताच्या बाबतीतही तसाच कडक. व्हाइटबोर्डवर मधोमध रेघ मारायचे. डावीकडे लिहायचे 'चालेल', उजवीकडे 'पाखंड'. आपण आपलं मत मांडायचं आणि काका ते कुठल्या रकान्यात जातं ते ठरवायचे. उजव्या रकान्यात सर्वांत जास्त नोंदी माझ्या आहेत, हे मी अभिमानाने सांगते.

२००८ साली काकांनी विषय घेतला 'येशूच्या पदव्या'. देवाचा पुत्र, मनुष्याचा पुत्र, मध्यस्थ, मेंढपाळ, अशी भली मोठी यादी होती. ती अर्ध्यावर आली आणि मंदीत दुबई कोसळली.

*

पहिल्याच दिवशी काका म्हणाले, "पदवी म्हणजे काय ते समजायला आधी आपापली सांगा बघू."

हा प्रश्न या देशात दिसतो तितका साधा नाही! इथे बऱ्याच जणांना दोन डेझिग्नेशन्स असतात. एक व्हिजिटिंग कार्डवर, दुसरं व्हिसावर. कंपनीच्या कोट्यात जे शिल्लक असेल ते व्हिसावर छापून येतं. मी डॉक्युमेंट कंट्रोलर, व्हिसावर टायपिस्ट. माझा नवरा प्रकाश अकाउंटंट, व्हिसावर सेल्समन. या माणसाने आयुष्यात घरची रद्दीसुद्धा विकलेली नाही! खुद्द काका व्हिसावर खलाशी होते आणि त्यांना पोहता येत नव्हतं.

शेवटी कोपऱ्यातून योसेफ म्हणाला, "प्लॅनिंग इंजिनिअर. व्हिसावर सुतार."

बायबलातला योसेफही सुतारच! खोली हसून हसून लोळली. योसेफही हसला.

प्रकाशला लगेच सुचलं. "म्हणजे काका, 'मनुष्याचा पुत्र' हे व्हिसावरचं आणि 'देवाचा पुत्र' हे खरं, असंच ना?"

काकांचा मार्कर उजव्या रकान्याकडे गेला आणि मध्येच थांबला. "प्रकाश, आपल्या दोन्हींतलं एक खोटं असतं. त्याची दोन्ही खरी आहेत!"

मग त्यांनी उजवीकडे लिहिलं, 'पाखंड, पण हुशार'.

*

योसेफचं हसू फार दिवस टिकलं नाही. सुताराच्या व्हिसावर बायकोमुलांना आणता येत नाही. डिग्री अटेस्ट करून पद बदलून घ्यायचं तर कंपनीने अर्ज करायला हवा, आणि मंदी आल्यावर कंपनीने ऐकवलं, "नोकरी आहे ना? मग गप्प बस."

बायको मेरी नगरला. आमच्या मिशन कंपाउंडात येशूच्या आईबापांच्या नावाचे योसेफ आणि मेरी गल्लोगल्ली सापडतात, त्यामुळे त्या जोडीचं आम्हाला कधी काही वाटलं नाही. फेब्रुवारीत तिला बाळ झालं. योसेफला जाता आलं नाही. रजेवर गेलेल्यांना गावीच ईमेल येत होती, परत येऊ नका म्हणून. त्याने बाळाला पाहिलं ते ईमेलमधल्या फोटोत, ऑफिसच्या प्रिंटरवर काळंपांढरं छापून. तो कागद तो शर्टाच्या खिशात ठेवायचा आणि शर्ट धुवायला टाकताना विसरायचा. दर आठवड्याला मी त्याला नवीन प्रिंट काढून द्यायची. मला फार वाईट वाटायचं, आणि वाईट वाटलं की मी जास्तच चावट होते. पुढचे किस्से त्या चावटपणातले आहेत.

*

एका शुक्रवारी काकांनी विषय काढला, येशू किती देव आणि किती माणूस?

प्रकाशने हात वर केला. "एकावन्न–एकोणपन्नास?"

इथे धंदा काढायचा तर एकावन्न टक्के लोकल पार्टनरचे लागायचे, त्यामुळे त्याच्या डोक्यात दुसरा आकडा येणंच शक्य नव्हतं. काका एवढे भडकले की त्यांनी मार्करचं टोपण फेकलं. "शंभर टक्के देव! आणि शंभर टक्के माणूस!"

"काका, दोनशे टक्के? ऑडिटला पास होणार नाही!"

"का नाही होणार?"

"आमच्या कंपनीने दोनशे टक्केच दाखवले होते. म्हणून तर बुडाली!"

काका उत्तर शोधत होते तेवढ्यात योसेफने ते अरबी माणसासारखे हात उडवून दिलं. इथे एखादी गोष्ट अगदी चोख आहे हे सांगायला अरब म्हणतात 'मिया मिया', म्हणजे शंभर-शंभर. योसेफ म्हणाला, "शंभर देव, शंभर माणूस. मिया मिया, काका! खलास!"

चर्चच्या मोठमोठ्या सभांनी ज्या प्रश्नावर वर्षानुवर्षं डोकी फोडली तो आमच्या सुताराने दोन शब्दांत मिटवला. काकांनी डाव्या रकान्यात लिहिलं. वर तारीखही घातली!

*

घरी येऊन हा किस्सा मी आमच्या ॲरनला सांगितला. वय वर्षं आठ.

"So he has two passports?"

"तसंच काहीसं, बाळा."

"Then he can't be Indian, Mumma. India doesn't allow it."

काकांना फोन करून विचारलं, कुठल्या रकान्यात घालू? काका म्हणाले, "भारताच्या."

*

'मध्यस्थ' या पदवीवर मात्र मला पहिल्यांदाच डावा रकाना मिळाला. मी म्हटलं, "काका, मध्यस्थ म्हणजे आपला मंदूब!"

मंदूब म्हणजे कंपनी आणि सरकारी खाती यांच्यामध्ये फाईल घेऊन पळणारा माणूस. तो खिडकीशी गेला की काम होतं. आपण गेलो की टोकन मिळतं.

काकांनी 'चालेल' लिहिलंसुद्धा. मग प्रकाश म्हणालाच, "पण मंदूब फी घेतो."

"येशूनेही घेतली असती," काका म्हणाले, "पण आपल्या खिशात तेवढी नव्हती. म्हणून त्याने स्वतःच भरली."

माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं. आणि बाहेरून कॉयरवाल्याने दार वाजवलं, "Sir, finish?"

*

योसेफला गाडीतून आणायचा त्याच्या ऑफिसातला बशीरभाई, रत्नागिरीचा. योसेफला सोडून तो बाहेर पार्किंगमध्ये थांबायचा आणि अभ्यास संपल्यावर आम्ही सगळे जवळच्या टपरीवर कडक चहा प्यायचो. एक दिरहॅमचा कप. काका दर वेळी मोठ्याने म्हणायचे, "म्हणजे तेरा रुपये!" आणि तरीही दोन कप घ्यायचे.

पहिल्या दिवशी आम्ही नगरकर ख्रिस्ती गावाकडच्या रीतीने एकमेकांना 'सलाम' म्हणताना ऐकून बशीरभाई चक्रावला. "अरे, तुम्ही नक्की कोणाचे?"

तिथून जे जुंपलं! बशीरभाई म्हणाला, "ईसा अलैहिस्सलाम, म्हणजे तुमचा येशू, आम्ही मानतो. मसीहसुद्धा म्हणतो. पण देवाचा मुलगा? ना बाबा. मरियमचा मुलगा, बस्स."

काका म्हणाले, "बशीरभाई, मुलगा म्हणजे जन्माला घातलेला असा हिशोबच नाही तो! बाप आणि मुलगा एकाच स्वभावाचे, असा अर्थ."

"मग तसं बोला ना! मुलगा कशाला बोलता?"

"अरे, शास्त्रात आहे म्हणून!"

चाळीस अंश उन्हात तासभर हे चाललं. दोघांचे शर्ट घामाने भिजले, कोणी एक इंच हलला नाही. शेवटी दमून एका गोष्टीवर दोघांचं एकमत झालं, की येशू पुन्हा पृथ्वीवर येणार आहे. हे दोन्हीकडे आहे! दोघांनी आनंदाने हात मिळवले.

मी विचारलं, "येणार तर खरं, पण कुठल्या व्हिसावर?"

"पाखंड!" काका ओरडले.

"तौबा!" बशीरभाई ओरडला.

आणि दोघांनी मिळून माझा चहा काढून घेतला.

*

त्या उन्हाळ्यात योसेफच्या ऑफिसात लेबर इन्स्पेक्टर आला. व्हिसावर एक आणि काम दुसरं असलेले सगळे मागच्या जिन्याने पळाले. योसेफ कानाला फोन लावून बसलेला, त्याला पत्ताच नाही. गळ्यात टाय, पुढ्यात लॅपटॉप.

इन्स्पेक्टरने कार्ड बघितलं. "यू, कारपेंटर?"

"येस सर."

इन्स्पेक्टरने मीटिंगच्या टेबलावर हात ठेवला. टेबल डुगडुगलं. "यल्ला. फिक्स."

योसेफने आयुष्यात रंधा हातात धरलेला नाही. पण नोकरी जाणार, दंड होणार, बाळाचं तोंड आता दिसत नाही, हे सगळं एका क्षणात डोळ्यांसमोरून गेलं, असं तोच सांगतो. त्याने शांतपणे लॅपटॉप बंद केला. प्रोजेक्टचं सहा महिन्यांचं वेळापत्रक उचललं, त्याच्या आठ घड्या घातल्या आणि गुडघ्यावर बसून टेबलाच्या पायाखाली सारल्या.

इन्स्पेक्टरने टेबल हलवून पाहिलं. हललं नाही.

"गुड कारपेंटर," तो म्हणाला आणि गेला.

प्रोजेक्ट तसाही बंदच पडला होता. त्या वेळापत्रकाचा तेवढा एकच उपयोग झाला!

*

हा एक किस्सा हसायचा नाही, पण तो सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

जुलैपर्यंत आमची खोली अर्धी रिकामी झाली. दर शुक्रवारी कोणीतरी निरोप घ्यायचं. काका यादी पुढे रेटत होते. त्या दिवशी 'राजा' झालं, 'महायाजक' झालं, आणि योसेफने विचारलं, "काका, 'सुतार' का नाही यादीत?"

"ती पदवी नव्हे रे. तो धंदा."

योसेफ उभा राहिला. इतका रागावलेला मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. "राजा, याजक, सगळं मान्य. पण लोकांनी त्याला ओळखलं ते सुतार म्हणूनच ना? त्याच्याच गावच्यांनी त्याला ते हिणवून म्हटलं. मलाही इमिग्रेशनच्या खिडकीवर दर वेळी तेच म्हणतात. सुतार आहेस, तुला फॅमिली कशाला? देव खरंच माणूस झाला असेल तर तो इथे झाला, काका. तुमच्या यादीत नाही."

काकांनी बोर्ड पुसला, मधली रेघसुद्धा पुसली, आणि मोठ्या अक्षरात एकच शब्द लिहिला, 'सुतार'. मग ते मला म्हणाले, "शोभा, तू डॉक्युमेंट कंट्रोलर ना? मग या पोराची फाईल लाव."

*

मी फाईल लावली. जन्मात अशी लावली नव्हती! मॅरेज सर्टिफिकेट, बर्थ सर्टिफिकेट, डिग्री, घराचा करार, सगळं अटेस्टेड, सगळ्याचं अरबी भाषांतर, रंगीत टॅब, पुढे अनुक्रमणिका. सप्टेंबरात आम्ही तिघं इमिग्रेशनला गेलो. योसेफ, मी आणि अरबी बोलायला बशीरभाई. नियमात न बसणाऱ्यांसाठी एक खास खिडकी होती. बाळ सात महिन्यांचं झालं होतं. या खिडकीवर नाही म्हटलं की पुढे दुसरी खिडकी नव्हती.

खिडकीत पांढऱ्या दाढीचे साहेब. त्यांनी अनुक्रमणिका बघितलीच नाही! नुसतं लेबर कार्ड पाहिलं आणि फाईल परत सरकवली. "कारपेंटर. नो फॅमिली. खलास."

बशीरभाईने अरबीत विनवलं. साहेबांनी मान हलवली. मी डिग्रीचा हिरवा टॅब उघडून दाखवला. साहेबांनी पुन्हा मान हलवली. योसेफने खिशातून तो काळापांढरा कागद काढला आणि काचेखालून आत सरकवला.

साहेबांनी कागद पाहिला. मग काय वाटलं कोणास ठाऊक, पासपोर्ट उघडला.

"नेम, योसेफ?" ते थांबले. "यूसुफ?"

"येस सर."

"यूसुफ... नज्जार. कारपेंटर."

"येस सर."

त्यांनी फाईल पुन्हा ओढली आणि आता स्वतःच मॅरेज सर्टिफिकेटचं अरबी भाषांतर काढलं. बोट ओळीवरून फिरत फिरत एका जागी थांबलं.

"वाइफ... मरियम?"

"मेरी, सर. येस सर."

साहेबांनी चष्मा काढला. शेजारच्या खिडकीतल्या साहेबांना हाक मारून अरबीत काहीतरी सांगितलं. तेही उठून आले. दोघांनी मिळून आधी योसेफकडे पाहिलं, मग फोटोकडे, मग पुन्हा योसेफकडे. मागची अख्खी रांग मान उंचावून बघायला लागली. बशीरभाई माझ्या कानाशी पुटपुटत होता, "या अल्ला, या अल्ला."

साहेब काचेजवळ वाकले. आवाज अगदी खाली आणला.

"बेबी... बॉय?"

योसेफ म्हणाला, "नो सर. गर्ल."

साहेब खुर्चीत मागे रेलले, छातीवर हात ठेवला आणि मोठ्याने म्हणाले, "अल्हमदुलिल्ला!"

आणि धाडकन शिक्का मारला.